काविळीची माळ

नाल्याकाठची दीड एकराची भाजीची वाडी आणि काविळीची माळ, या दोन्ही गोष्टी मैनाबाईला सासूकडून मिळाल्या. वाडी अकोल्याच्या अगदी कडेला. तिथला पालक, मेथी आणि सांबार जठारपेठेत विकायला जायचा. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्याचा पाहुणा हसला तर हसो बापडा. माळेसाठी मात्र लोक स्वतः चालून यायचे, पार तिवसा आणि चांदूर बाजारहून.

रविवारी अंघोळ करून, कुणाशी न बोलता, एका वेलीच्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफायचे आणि ते कडं रोग्याच्या डोक्यावर ठेवायचं. माळ रोज थोडी वाढते, गळ्यात येते, छातीवर येते. बेंबीपाशी पोचली की कावीळ उतरली म्हणायची. त्याबद्दल सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचं नाही, फक्त बरं वाटल्यावर येऊन सांगून जायचं, एवढीच रीत. पुष्कळ जण येत, पाया पडत. जे येत नसत ते विसरले, असं मैनाबाई धरून चाले. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

तिचे यजमान नत्थुजी यांच्याकडे भाजी धुवायचं काम. वाडीच्या कोपऱ्यात त्यासाठी एक खड्डा होता. सकाळी त्यात गुडघाभर पाण्यात अनवाणी उभं राहून ते जुड्या खळबळून काढत. पिवळी पानं आणि देठं तिथेच काठावर टाकत. दिवस मावळला की नाल्यातली मोकाट डुकरं तो पाला खायला येत आणि पोट भरलं की त्याच खड्ड्यात लोळत. नत्थुजींना त्याचं काही वाटत नसे. हललेलं पाणी साफ असते, असं त्यांचं शास्त्र होतं, आणि त्यांच्या शास्त्राला आव्हान देण्याची घरात कुणाची प्राज्ञा नव्हती.

भादव्यात ते तापाने पडले. पिंडऱ्या अशा ठणकू लागल्या की संडासापर्यंत जाणं होईना. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. दुसरी एखादी बाई घाबरली असती. मैनाबाईचा जीव भांड्यात पडला. पिवळं म्हणजे घरचंच दुखणं. रविवारची वाट न पाहता तिने माळ केली आणि नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

माळ शहाण्यासारखी उतरू लागली. तिसऱ्या दिवशी छातीवर आली. पण नत्थुजींच्या पोटात पाणी ठरेना, उचकी थांबेना, आणि आदल्या दुपारपासून त्यांना लघवी झाली नव्हती. मुलगा अमोल ऑटो घेऊन दारात आला, तर हे खाटेची पाटी धरून बसले.

"मले कुठी नेऊ नका. माळ उतरून राहिली, दिसत नाही काय तुले?"

"बाबा, तुमचं तोंड पाहा आरशात."

"लोक काय म्हनतीन? माळवालीच्या घरचाच मानूस दवाखान्यात पयाला? तुया मायची इज्जत आहे ते."

अमोल आईकडे वळला. "माय, तू सांग त्याइले. ते तुयंच आयकतीन."

मैनाबाईजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. ती खाटेजवळ खाली बसली.

"आवो, आयका. अकरा वर्सं झाले. तिवश्याची एक पोरगी येतो म्हने नि आलीच नाही. तिची माळ म्या खिळ्याले अडकवून ठेवली. आठ दिवसांत हातभर लांब झाली."

"मंग?"

"मंग काय? खिळ्याले कावीळ झाली होती काय? काड्या वायतात, सुकून बारीक होतात, गाठी सैल होतात. कोनाच्याबी डोक्स्यावर ठेवा, माळ उतरतेच."

नत्थुजींनी छातीवरच्या माळेला हात लावला.

"अकरा वर्सं बोलली नाही?"

"नाही बोलली."

"काहून?"

"लोक पाया पडत. मले गोड लागे." तिला रडू फुटलं. "तुमी उठा. पाया पडतो तुमच्या, उठा."

नत्थुजींनी माळ स्वतःच्या हाताने काढून उशाशी ठेवली आणि अमोलच्या खांद्यावर हात टाकला.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने नत्थुजींच्या पिंडऱ्या दाबल्या, तसे ते कळवळले. पायाच्या भेगा पाहिल्या. मग काम काय करता, पाण्यात उभे राहता का, तिथे डुकरं येतात का, असं विचारत सुटली. नवरा पिवळाधम्मक पडला आहे आणि ही बाई डुकरं काय विचारते, म्हणून मैनाबाईला भारी राग आला.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणच तिच्याजवळ येऊन बसली. "मावशी, कावीळ ही नुसती खूण असते. रोग वेगवेगळे असतात. हा लेप्टो आहे. डुकरांच्या, उंदरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात आणि भेगांतून अंगात शिरतात. काकांच्या मूत्रपिंडापर्यंत गेलेत. औषध आहे. पण आणखी दोन दिवस घरी ठेवलं असतं, तर मी काही सांगू शकले नसते."

सहाव्या दिवशी नत्थुजींनी भाकर आणि ठेचा मागितला. ठेचा मिळाला नाही म्हणून चिडलेसुद्धा. त्यांना चिडलेलं पाहून मैनाबाई पोटभर हसली, बाहेर बाकावर येऊन बसली, आणि तिथे बसल्याबसल्या तिला चांदूर बाजारचा देवीदास आठवला. श्रावणात आला होता. डोक्यावर माळ ठेवून घेताना सारखा पिंडऱ्या चोळत होता. तिने विचारलंही नव्हतं का म्हणून. तो सांगायला परत आला नव्हता. विसरला असेल, असं म्हणायला आज तिची जीभ उचलेना.

श्रावणात रस्ता विचारायला त्याने फोन केला होता, तो नंबर अमोलच्या मोबाइलमध्ये होता. अमोलने लावून दिला. घंटी वाजत राहिली.

"मैनाबाई!" देवीदासच बोलला. "लय गुन आला तुमचा. मधात पंधरा दिवस अमरावतीले भरती होतो, सुया झाल्या, सलाइनी झाल्या, पन उतरली ते तुमच्याच माळेनं. मी येनारच होतो. आता रविवारी भावाले घेऊनच येतो. त्याचेबी डोये पिवये झाले."

"पिंडऱ्या दुखतात काय त्याच्या?"

"हो ना! तुमाले कसं समजलं?"

"रविवारी येऊ नोको. त्याले आत्ताच अमरावतीले ने, तू होता तिथीच. पान्यात काम करत असन तं तेबी सांग डाक्टरले. माळ म्या बंद केली."

"काहून बाई? आमचं काही चुकलं काय?"

"तुमचं नाही, मायं चुकलं. माळेत काही नाही, देवीदास. कधीच नोतं."

पलीकडून फोन कटला. तो भावाला घेऊन निघाला की रुसला, हे मैनाबाईला कळेना. तिने मोबाइल अमोलच्या हातात दिला.

"घटकाभरानं पुन्हा लावजो," ती म्हणाली. "नाही उचलला, तं चांदूर बाजारची गाडी किती वाजता सुटते ते पाहून ये."