मीठ न टाकलेला बर्फ

बसा थोडं. मी कुल्फीची पेटी. गार राहायचं माझं काम, म्हणून बोलणंही सावकाशच.

कॅम्प-1 वस्तीतल्या गुलाब टीनवाल्यानं मला घडवलं. बाहेर पत्रा, आत पत्रा, मधे लाकडाचा भुसा ठासून भरलेला. झाकणावर थाप मारून तो म्हणाला, "हरिभाऊ, बाहेर आग बरसू दे, हिच्या पोटात थंडीच राहीन."

हरिभाऊंचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटात कामाला आलेले. हरिभाऊंना भट्टीची धग सोसवेना. त्यांनी थंडीचा धंदा धरला. सायकलच्या कॅरिअरवर मला बांधून ते सिव्हिक सेंटरच्या बाजारात उभे राहत. बर्फ फोडायचा, वर मूठभर खडेमीठ टाकायचं, की कुल्फी दगडासारखी. शिफ्ट सुटली की माणसं येत. भट्टीजवळून आलेला माणूस आधी कुल्फी मागत नाही. आधी माझ्यावर तळहात टेकवतो. लहान पोरं तर गालच टेकवायची.

पुढे हरिभाऊंचे गुडघे गेले. मी ओट्यावर आले, माझ्यावर कांदे वाळू लागले. तरी ते मला पुसत. घरचे म्हणत, "भंगारात द्या ना." हरिभाऊ म्हणत, "उन्हाळा तं येऊ दे." उन्हाळे येत आणि जात.

त्यांची नात मधुवंती जनावरांची डॉक्टर, विद्यापीठात शिकवायची. जनावरांतून माणसांत येणारे आजार इथंच तपासले गेले पाहिजेत, असा तिचा हट्ट. नमुना दूरच्या शहरात पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत आजार गावभर. तिनं खोली मिळवली, यंत्र आणलं, विद्यार्थी तयार केले. नमुने आणायची थंड पेटी मात्र मंजुरीत अडकली. आणि तिकडे जुनवानीच्या पुढच्या गावात मथुराबाईंच्या शेळ्या गाभ टाकत होत्या. मथुराबाईंची सून नीतू तापानं खंगत चाललेली. ताप जाई, पुन्हा येई.

"माझी पेटी ने ना," हरिभाऊ म्हणाले.

"आबा, यात एकदा रक्त ठेवलं का मंग कधीच कुल्फी नाही ठेवता येणार."

हरिभाऊ बराच वेळ माझं झाकण पुसत राहिले. मग म्हणाले, "ने. पण बर्फ मीच भरीन. तुमाले नाही जमाचा."

मधुवंतीनं शेळ्यांचं रक्त घेतलं, नीतूचं तिथल्या डॉक्टरांनी. नळ्या माझ्या पोटात आल्या. प्रयोगशाळेत झाकण उघडलं, तर सगळ्या गोठून टणक.

"आबा, बर्फात काय टाकलं?"

"मीठ. अन् काय टाकतेत?"

तिनं एक नळी उजेडात धरली. "रक्त गार पाह्यजे होतं आबा. गोठाले नको होतं. आता कामाचं नाही राह्यलं."

माझा जो गुण जन्मभर वाखाणला गेला, त्यानंच घात केला.

"अब दुबारा खून नहीं लेने देगी मथुराबाई," एक विद्यार्थी म्हणाला.

"मी येतो," हरिभाऊ म्हणाले. ऑटोत मला मांडीवर घेऊन बसले.

मथुराबाई दारातच उभ्या. "का गा बबा, मोर छेरी आय के बोरिंग? जब मन लगिस, हेंडिल मार देव!" शेळीला हातपंप समजलात का, असं त्या विचारत होत्या. आत खाटेवर नीतू कण्हत होती.

हरिभाऊ तसल्या गुडघ्यांनी अंगणात खालीच बसले. "बाई, मैडम की गलती नहीं है. नमक मैंने डाला. जिंदगीभर कुल्फी बेचा, हाथ को वही आदत."

मथुराबाईंनी त्यांना निरखलं, मग मला. "सिविक सेंटर वाला बबा? ओही डब्बा आय का?" आणि त्या हसल्या. "अब एमा कुल्फी नइ धरबे?"

"नहीं बाई. अब इसमें कुल्फी कभी नहीं."

त्यांनी वाकून माझ्यावर तळहात टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग शेळीच्या गळ्यातली दोरी मधुवंतीच्या हातात दिली.

नीतूचंही रक्त पुन्हा घेतलं गेलं. या खेपेला बर्फ नुसता, मिठाशिवाय, वर कापड. उत्तर आपल्याच खोलीतून आलं. शेळ्यांचाच आजार नीतूत शिरला होता. ती उघड्या हातांनी शेळ्यांची बाळंतपणं करी, कच्चं दूध पिई. औषध सुरू झालं आणि दीडेक महिन्यात ती उठून बसली. आता त्या घरी दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही.

आता मधुवंतीच्या विभागात मोठा पांढरा फ्रीझर गुणगुणत असतो. निळ्या पेट्याही आल्या. आसपासच्या गावांतले नमुने इथंच येतात. हरिभाऊ मागच्या साली गेले, उन्हाळा लागायच्या आत. मी कपाटावर असते. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मधुवंती मला खाली घेते, मिठाची गोष्ट सांगते. मुलं हसतात. मग ती एकेकाला माझ्यात बर्फ भरायला लावते, स्वतः शेजारी उभी राहून.

कुल्फीचा वास आता माझ्या पत्र्यात उरला नाही. पण एक सवय सुटत नाही. मुलांनो, झाकण उघडायच्या आधी माझ्यावर एकदा तळहात टेकवा. आत गार आहे. गोठलेलं नाही.