खांबाला लागलेली दृष्ट

लग्न संध्याकाळी होतं, तरी हवेलीच्या कमानीखाली दुपारपासूनच गर्दी. मधोमध खुर्चीवर मेरिदा शहरातली नवरी, भोवती आचारी, फुलवाल्या आणि लेकरं कडेवर घेतलेल्या गावच्या बाया. दृष्ट काढणारा एलिहिओबाबा नवरीच्या अंगावरून अंडं उतरवत होता. हवेलीच्या जुन्या मालकिणीचं लग्न मोडलं होतं, म्हणे; तेव्हापासून इथे येणाऱ्या प्रत्येक नवरीला आणि तान्ह्या बाळाला तिची दृष्ट लागते. बाबाने अंडं पेल्यात फोडलं. पाणी लालभडक. बायांनी छातीवर क्रूस काढला, फोटोवाल्याने फोटो काढला. व्यवस्थापकाने हा विधी कधीच लग्नाच्या पॅकेजात घातला होता.

हवेलीची सजावट बघणारी निदिया फुलं सोडून सासूच्या कडेवरच्या आपल्या यारेलीकडे बघत होती. सात महिन्यांच्या पोरीला कालपासून जुलाब लागले होते. सकाळपासून लघवी नाही. आता तर ती रडायची, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. सासूने पहाटेच तिच्यावरून अंडं उतरवून घेतलं होतं. तेव्हाही रक्त निघालं, आणि बाबाने बजावलं, शुक्रवारपर्यंत दवाखाना नाही. सुई टोचली की दृष्ट आत कोंडते.

निदियाने पुन्हा दवाखान्याचं काढलं, तशी सासू पोरीला छातीशी घट्ट धरून म्हणाली, "कॉलेजात शिकलीस म्हणून रक्त दिसेनासं झालं का तुला?"

रक्त तिलाही दिसलं होतं. तेच छळत होतं. केकसाठी आणलेली चार अंडी तिने मघाशी स्वयंपाकघरात गुपचूप फोडून पाहिली होती. बाबा दृष्टीची खूण म्हणून दाखवतो ते धागे, ते बुडबुडे, सगळं त्यांत होतं. लाल तेवढं नव्हतं. आणि बाबा तर नेहमी स्वतःच्या टोपलीतलंच अंडं घ्यायचा.

ती गर्दीत शिरली आणि टोपलीतलं एक अंडं उचललं.

"ठेव ते, पोरी. परका हात लागला की अंडं बाटतं."

निदियाने ते दगडी खांबावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि स्वच्छ पाण्याच्या दुसऱ्या पेल्यात फोडलं. पाणी लाल झालं.

"खांबालाही दृष्ट लागली का, बाबा?"

एक आचारी फिस्सकन हसला. बाबा डगमगला नाही. "हवेलीच झपाटलेली आहे. मी वेगळं काय सांगतोय?"

माना डोलल्या. निदियाने टोपलीतलं दुसरं अंडं उचललं आणि त्याचं बूड नखाने खरवडलं. मेणाचा ठिपका निघून आला. खाली टाचणीएवढं भोक. अंडं उलटं केलं, तसा तिच्या तळव्यावर केकच्या लाल रंगाचा थेंब पडला.

सासूने अंडं हातात घेतलं. भोकावर बोट फिरवत राहिली.

"म्हणजे अंड्याला सुई चालते," ती हळूच म्हणाली. "माझ्या नातीलाच चालत नाही."

फुलवालीच्या गाडीतून त्यांनी दवाखाना गाठला. अंगातलं पाणी आटलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रात्र उलटली असती तर कठीण होतं. यारेलीला सलाईन लागलं. पहाटे ती रडली, आणि गालावरून खरं पाणी ओघळलं.

पुढच्या शनिवारी एलिहिओबाबा दुसऱ्या हवेलीत बसला होता. तिथेही गर्दी होती, कडेवर लेकरं होती.

पोर आजारी पडलं की भीती वाटणारच, त्यात लाज कसली. पण कुणी अंड्यातून रक्त काढून दाखवलं, तर त्याच्याच टोपलीतलं दुसरं अंडं खांबावरून उतरवून बघा. आणि त्यासाठीही थांबू नका. आधी पोराला डॉक्टरकडे न्या.