चारशे पावलांवरचे अश्रू

‘‘आधी माणसाला विचार, काय बघायचंय. मग कपाटाला हात लाव.’’

वडिलांचा हा आवाज मी ऐकला तेव्हा माझी हनुवटी जेमतेम काउंटरला लागत होती. चष्म्यांचं आणि दुर्बिणींचं आमचं अरुंद, लांबट दुकान. कुणी आत येऊन ‘मोठ्यातली मोठी दाखवा’ म्हणालं, की वडील हसायचे. ‘‘दुर्बीण म्हणजे पातेलं नव्हे, मोठं ते चांगलं म्हणायला. काय बघणार? किती लांबून? कुठल्या उजेडात? हातात धरून की टेकवून? चष्मा लावता का?’’ पाच प्रश्न झाले, की सगळ्यांतून नेमकी एक दुर्बीण कपाटातून खाली उतरायची. त्यांच्यामागे मीही तेच करत आलो. पाच प्रश्न विचारायचे, पाच उत्तरं ऐकायची आणि गिऱ्हाईक खूश झालं की विसरून जायचं.

उत्तरं ऐकायची असतात, तशी ती समजूनही घ्यायची असतात. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता टेकडीवरच्या गर्दीचं सांगतो. गावाबाहेर टेकडीवर एक दुमजली घर आहे. तिथे जायला एकच रस्ता, वर चढत जाणारा, शेवटी एक वळण घेऊन घराच्या थेट समोर येणारा. त्या घरात दृष्टीबाबा राहायला आले आणि रस्त्याला पाय फुटले. सकाळ झाली की माणसांची रांग. म्हाताऱ्या, तरण्या, शिकलेले, न शिकलेले, हातात तपासणीचे कागद घेतलेले. सगळे खालच्या खोलीत सतरंजीवर बसत. बाबा तासभर वरच्या खोलीत ध्यानात. मग जिन्यावर पावलं वाजत आणि खोलीतले सगळे सावरून बसत.

‘‘लेकरा, निळ्या साडीतल्या लेकरा! वळणावरच्या दगडावर बसून डोळे पुसलेस ना? मला दिसलं.’’

निळ्या साडीतली बाई हुंदका देऊन कोसळे.

‘‘आणि तू रे, पाठीमागच्या! बायकोला म्हणालास काहीतरी आणि तिनं हात झटकला. मला दिसलं. घरात शांती नाही तुझ्या.’’

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहत. मग बाबा डोळे मिटून ठेका धरत आणि सगळी खोली त्यांच्यामागून म्हणे:

‘‘डोळे मिटा, वाट दिसेल, औषध सोडा, गाठ सुटेल!’’

आमच्या शेजारच्या शिवणकामवाल्या काकू तेवढ्या म्हणत नसत. त्या बहिणीच्या सोबतीनं आलेल्या असत. ‘‘गाठ सुटते ती धाग्याची,’’ त्या पुटपुटत, ‘‘तीसुद्धा नखानं सोडवावी लागते.’’

माझी ताई मात्र सगळ्यांत पुढे असे. ताईनं मला अंगाखांद्यावर वाढवलं. भावजी गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते. तिला काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेनं गुपचूप कमी होत जाते. सकाळ-संध्याकाळ थेंब घातले की दाब ताब्यात राहतो. पण ते थेंब झोंबत. भावजी गेल्यावर चार माणसांत बसून ताई पहिल्यांदा हसली ती त्या टेकडीवर. एक दिवस मला म्हणाली, ‘‘धाकट्या, तूही चल. डोळ्यांच्या धंद्यातला तू, खऱ्या नजरेचा माणूस बघ एकदा.’’

मी गेलो. जिन्यावरून बाबा उतरले. दाढी होती, अंगावर लांब पांढरा झगा होता. त्यांनी चष्मा काढला, झग्याच्या टोकानं उजवी काच पुसली, मग डावी, मग पुन्हा उजवी. आणि मी त्यांना ओळखलं.

हा माणूस माझ्या दुकानात आला होता. तेव्हा दाढी नव्हती, अंगात चौकड्यांचा शर्ट होता, पण काच पुसायची रीत हीच.

‘‘पक्षी बघायचेत,’’ तो म्हणाला होता.

‘‘किती लांबून?’’

‘‘चारशे पावलं. वळणावरून दिसायला लागले की लगेच.’’

‘‘उजेड?’’

‘‘सकाळचा. कधी नुकतं उजाडलेलं असतं.’’

‘‘हातात धरणार?’’

‘‘खिडकीत बसून. तासभर. बारीकसारीक दिसलं पाहिजे. चष्मा काढणार नाही मी.’’

मी काय काय केलं त्याच्यासाठी! वीस पटीची मागत होता, तर समजावलं, की तिच्यात चित्र अंधारं आणि अरुंद येतं, वळणावर शोधताशोधता पक्षी उडून जाईल. आठ पटीची हातात धरून हिंडायला छान, पण तुम्ही बसून बघणार. मग दहा पटीची काढली, पुढचं भिंग पन्नास मिलिमीटरचं, कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारं. चारशे पावलांवरचं चाळीस पावलांवर येतं. दहा पटीला हात थरथरतो, म्हणून तिवई दिली. डोळ्याकडच्या काचा अशा बघितल्या, की चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसावं. आणि वर शहाणपणा केला, ‘‘समोरून ऊन आलं तर भिंग चमकतं आणि पक्षी बिचकतात. ही काळी नळकांडी पुढे बसवा. कुणाला कळणार नाही तुम्ही बघताय ते.’’

तो हसला होता. ‘‘तुमच्यासारखा माणूस शोधून सापडत नाही.’’

इतका नेमका सौदा मी आयुष्यात केला नव्हता. कुठला पक्षी रोज सकाळी चालत, ठरलेल्या वळणावरून येतो, हे माझ्या मनात आलं नाही.

खालच्या खोलीत बाबांनीही मला ओळखलं. मग सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘हे लेकरू काच विकतं. काचेतून बाहेरचं दिसतं. आतलं बघायला इथंच यावं लागतं!’’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं अभिमानानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, सगळं कळलेला मी, हात जोडले.

उतरताना ताईनं विचारलं, ‘‘बाबा म्हणतात, थेंब बंद कर. करू का रे? तू सांगशील तसं.’’

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. पण तिचा चेहरा इतका उजळलेला होता, की तो विझवायला माझं धाडस झालं नाही. शिवाय सांगायचं तर आधी हे सांगायला लागलं असतं, की ते हत्यार मीच घासूनपुसून दिलं.

‘‘तुला बरं वाटेल तसं कर,’’ मी म्हणालो.

उद्या सांगू म्हटलं. उद्या उलटला तसं ते अजून जड झालं. आठवडाभरानं सांगितलं तर ती विचारणार, आठवडाभर गप्प का? महिन्यानं सांगितलं तर, महिनाभर गप्प का? गप्प बसण्याचंही ओझं वाढत जातं. मी नुसता बघत राहिलो. दाट धुकं असलं की बाबा मौनात असत, हे पाहिलं. ‘‘आज महाराजांचं मौन,’’ ताई सांगायची आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालायचो. ताई दाराच्या चौकटीला खांदा घासू लागली, हेही पाहिलं. ताटाशेजारचा पेला तिच्या हातानं कलंडू लागला. ‘‘वय झालं रे,’’ ती म्हणायची. मी पेला उचलून ठेवायचो.

सात महिन्यांनी ती पायरी चुकून पडली, तेव्हा मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, कागदावर काळे डाग उमटलेलं नजरेचं चित्र पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

‘‘थेंब कधीपासून बंद आहेत?’’

‘‘सात महिने,’’ ताई म्हणाली. ‘‘बाबांनी सांगितलं होतं.’’

‘‘कडेची नजर बरीच गेली आहे. गेलेली परत येत नाही. राहिलीय ती वाचवता येईल, थेंब आजपासून सुरू केले तर.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तुम्ही तर चष्म्यांचं दुकान चालवता. तुमच्या लक्षात आलं नाही?’’

मी थेंबांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, ‘‘बाबांना विचारल्याशिवाय मी थेंब घालणार नाही.’’

‘‘उद्या सकाळी विचारू,’’ मी म्हणालो. ‘‘मी येतो.’’

सकाळी स्वच्छ उजेड होता. वळणाच्या जरा अलीकडे मी मोठी काळी छत्री उघडली आणि आम्हा दोघांच्या पुढ्यात आडवी धरली, ढालीसारखी.

‘‘अरे, पाऊस ना पाणी! वेडा झालास का?’’

‘‘वेडाच झालोय. चल तू.’’

‘‘समोरचं दिसत नाहीये मला, धाकट्या!’’

‘‘मग माझा दंड धर.’’

ती खुदकन हसली. मागून येणाऱ्या शिवणकामवाल्या काकूही हसल्या. ‘‘ताई, भाऊ नवरदेवासारखा लाजतोय बघा!’’ आणि ताई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

खालच्या खोलीत बसलो. तास झाला. पावलं वाजली. बाबांनी तिघांचौघांना वळणावरचं सांगितलं, तिघेचौघे रडले. मग ताईपुढे थांबले.

‘‘लेकरा, आज वाटभर रडत आलीस. मला दिसलं.’’

ताई गोंधळली. ‘‘नाही महाराज. आज तर मी हसत आले. खूप हसले.’’

‘‘हे बाहेरून. आतून रडलीस.’’

खोलीनं ‘आहा’ केलं. काकू मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘मग बाकीच्यांचं बाहेरचं कसं दिसलं, आणि हिचं एकटीचंच आतलं?’’

मी उठलो आणि जिना चढू लागलो. दोन शिष्य आडवे आले, काकूंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं. वरच्या खोलीत खिडकीला जाड पडदा, पडद्याला फट, फटीमागे खुर्ची, खुर्चीपुढे तिवई. तिवईवर माझी दुर्बीण. काकूंनी आणि मी ती तशीच उचलून खाली आणली, दारात ठेवली, वळणावर रोखली.

‘‘या, एकेकानं बघा.’’

मागे निळ्या साडीत रडलेल्या त्या बाईनं डोळे लावले. वळणावर उशिरा येणारं एक म्हातारं जोडपं होतं. ‘‘अगं बाई! त्यांच्या हातातली काठीसुद्धा... आजोबा नाक शिंकरतायत!’’

पण बाबा डगमगले नाहीत. ‘‘पक्ष्यांसाठी आहे ती. पाखरांवर माझी माया. कुणाला शंका असेल तर खुशाल जावं.’’ आणि खरंच, लोकांचे चेहरे पुन्हा सैल झाले. कुणीतरी म्हणालं, ‘‘दुर्बीण काय, कुणाच्याही घरात असते.’’ ताईही हलकेच म्हणाली, ‘‘चल धाकट्या, माफी माग त्यांची.’’

एकच पुरावा उरला होता, आणि तो माझ्या घशात होता.

‘‘ही मी विकली,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या दुकानातून, ह्यांनाच. चारशे पावलांवरच्या वळणावरून येणारं बारीकसारीक दिसावं, चष्मा न काढता, खिडकीत बसून, नुकतं उजाडल्यावर. हीच उत्तरं ह्यांनी दिली आणि मी त्या मापानं निवडून दिली. पुढची ही काळी नळकांडी मीच लावायला सांगितली, चमक दिसू नये म्हणून. धुक्यात हिच्यातून काही दिसत नाही, म्हणून धुक्यात ह्यांचं मौन. आणि छत्रीआडचं हसू दिसलं नाही, म्हणून आज ते रडू झालं.’’

बाबांनी चष्मा काढला. उजवी काच पुसली, डावी पुसली. मग पुन्हा उजवी पुसली.

‘‘कुणी तुमचं गुपित सांगितलं,’’ मी लोकांना म्हणालो, ‘‘तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, ह्याला हे कुठे उभं राहून, कशातून दिसलं असेल? रडू लांबूनही दिसतं. रोग दिसत नाही. त्यासाठी तपासावं लागतं, ज्यानं शिकून घेतलंय त्यानं. तुमची औषधं आज घरी जाऊन पुन्हा सुरू करा.’’

माणसं एकेक करून उठली. निळ्या साडीतल्या बाईनं पिशवीतून तपासणीचे कागद काढून घड्या उलगडल्या. काकू बहिणीला धरून उतरू लागल्या. ताई सतरंजीवर तशीच बसून होती. मी शेजारी बसलो, तर ती माझा चेहरा शोधत मान बरीच वळवत राहिली. मी डाव्या बाजूला होतो, तिकडचं तिला आता दिसत नव्हतं.

‘‘बरं झालं तुला कळलं,’’ ती म्हणाली. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला. ‘‘काल डॉक्टरीणबाईंकडे कळलं ना तुला? की छत्री घेताना?’’

तिनं दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं, तर ती आयुष्यभर मला आशीर्वाद देत राहिली असती.

मी उठून तिच्या समोर जाऊन बसलो, तिला दिसेल असा.

‘‘नाही ताई. मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. थेंब बंद करू का, असं तू मला विचारलंस ना, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.’’