हृदयावरून सोललेला पापुद्रा

मी एक जुना पापुद्रा आहे. कांद्यावरचा नाही आणि भिंतीच्या रंगाचाही नाही. मी हृदयावरचा पापुद्रा आहे. आत्ता मी एका काचपट्टीवर चिकटलेला आहे, अंगाला जांभळा रंग लावलेला आहे आणि माझ्या कडेला पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला आहे. मला कान नाहीत, तोंड नाही, तरी मी ऐकलं कसं आणि सांगतो कसं, असं विचाराल. विश्वास बसत नसेल तर बसू नका, मित्रांनो, पण ऐकून तर घ्या!

ज्याच्या हृदयावर मी वाढलो तो एक झेब्रा मासा होता. करंगळीएवढा, अंगावर निळे पट्टे, आणि खाण्याच्या बाबतीत भारी हावरट. त्याचं हृदय मोहरीच्या दाण्याएवढं होतं. त्यावर मी, फक्त एका पेशीच्या जाडीचा.

आता गंमत ऐका. आधी हृदय तयार झालं आणि उघडंबोडकं धडधडू लागलं. मी तेव्हा त्याच्या शेजारी, पेशींच्या एका छोट्याशा पुंजक्यात होतो. हृदय धडधडलं की त्याच्या भोवतीचं पाणी हिंदकळायचं. त्या हिंदकळण्याने आमच्यातल्या काही पेशी सुटल्या, तरंगत गेल्या आणि हृदयाला चिकटल्या. म्हणजे ज्याला पांघरूण हवं होतं, त्यानेच मला ओढून घेतलं म्हणा ना! आलो पाहुणा म्हणून आणि चार दिवसांत घरचाच झालो. माझ्यातल्या काही पेशी तर थेट आत शिरल्या आणि रक्तवाहिन्यांना आधार देत उभ्या राहिल्या. त्यांना हे काम कुणी सांगितलं? कोण जाणे. मला तरी अजून उलगडलेलं नाही.

आमचा मासा ज्या खोलीत राहायचा तिथे भिंतीभर काचेच्या टाक्या होत्या. पंपाची घरघर दिवसभर चालू असायची. टाक्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मामा सकाळ-संध्याकाळ येत, पिचकारीसारख्या बाटलीतून खाणं सोडत आणि माशांशी बोलत. "अरे, दमानं घे. तुझ्या ताटातलं कुणी पळवत नाही," असं आमच्या माशाला त्यांनी कितीदा तरी ऐकवलं असेल. दोन वर्षांपूर्वी मामांना हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांच्या हृदयाचा एक तुकडा कायमचा मेला होता आणि तिथे वण पडला होता. जिना चढून आले की ते टाकीला टेकून उभे राहत. त्यांचा श्वास काचेवर उमटायचा.

त्याच इमारतीत ताई काम करायची. वाळलेला, उंच जीव, केस नेहमी पेनाने बांधलेले. एकदा मामांनी तिला विचारलं, "ताई, ह्या माशांचं हृदय फाटलं तरी भरून येतं म्हणतात. खरंय का?"

"खरंय, मामा. दोन महिन्यांत नव्यासारखं होतं."

"मग माणसाचं का नाही होत?"

"तेच तर शोधतेय. पण माशाच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही ना. म्हणून हृदय बशीत ठेवून, मायक्रोस्कोपखाली भरताना बघायचंय."

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. सहा महिने झाले होते. बशीत ठेवलेलं हृदय नीट धडधडायचं, पण त्याची जखम काही केल्या भरायची नाही. ताईचे वरिष्ठ, मोठे सर, एक दिवस टाक्यांच्या खोलीतच तिला म्हणाले, "ही शेवटची खेप. ह्या वेळीही जखम हलली नाही, तर हे काम बंद करू. तुझं टेबल दुसऱ्यांना लागणार आहे." ताई फक्त "बरं, सर" म्हणाली. ते गेल्यावर ती आमच्या टाकीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

त्या शेवटच्या खेपेत आठ मासे निवडले. त्यांत आमचा होता.

माशाला भूल दिली आणि हृदयाला एका गोठवलेल्या तारेचं टोक टेकवलं. टेकवलं तेवढा भाग मेला. माझाही तेवढा तुकडा गेला. पण मित्रांनो, त्यानंतर जे झालं त्याने माझा मीच चकित झालो! मी इतके दिवस नुसता पडून होतो. आणि एका दिवसात मी अख्खाच्या अख्खा जागा झालो. जखमेपासून दूर असलेल्या पेशीसुद्धा खडबडून उठल्या. आम्ही वाढू लागलो, जखमेकडे सरकू लागलो आणि खालच्या स्नायूंना निरोप धाडू लागलो, की बाबांनो, उठा, एकाचे दोन व्हा, भगदाड बुजवायचं आहे. हे निरोप मला कुठून सुचले, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी आमचा मासा गेला. त्याला पुन्हा भूल दिली होती, त्याला काही कळलं नाही. मला कळलं. त्याचं हृदय काढून एका काचेच्या बशीत, गुलाबी पोषक द्रवात ठेवलं. हावरट होता, पण माझा होता. मला फार वाईट वाटलं.

मग ताईने चिमटा उचलला. माझ्यातून खालचे स्नायू धूसर दिसतात, फोटो गढूळ येतो. म्हणून त्या प्रयोगशाळेत रीतच होती, आधी वरचा पापुद्रा काढायचा आणि मग फोटो. ही रीत मोठ्या सरांनी घालून दिली होती, आणि ताई त्यात सगळ्यांच्या वरचढ होती. खालच्या एका स्नायूलाही धक्का न लावता ती पापुद्रा एका झटक्यात उतरवायची. बाकीचे लोक तिचं सोलणं बघायला उभे राहत. माझंही तसंच झालं. सर्रकन उतरलो. ताई फोटो बघून म्हणाली, "वा, काय स्वच्छ आलाय!" काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण मला बोलता कुठे येतं?

तरी मी पुरता गेलो नाही. हृदयातून जाड रक्तवाहिनी बाहेर पडते, त्या बेचक्यात चिमटा नीट शिरत नाही. तिथे माझी बारीकशी किनार उरली. मी म्हणजे ती किनार.

दुसरी रीत अशी होती, की हृदय बशीत ठेवल्यापासून सातव्या दिवशी बश्या रिकाम्या करायच्या. सात दिवसांत काही झालं नाही, तर पुढे काय होणार, असा हिशेब. दर वेळी ताई हे स्वतः करायची. ह्या वेळी तिला अहवाल लिहायचा होता. तिने झाकणांवर काट मारली आणि मामांना म्हणाली, "मामा, एवढ्या आठ बश्या टाकून द्याल?"

मामांनी बश्या धुण्याच्या जागी नेल्या आणि पहिलं झाकण उघडलं. ते माझंच होतं. हृदय आपलं धडधडत होतं. मामा वाकून बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं. इन्क्युबेटरच्या, म्हणजे ऊब देणाऱ्या कपाटाच्या, तळाच्या कप्प्यात रिकाम्या बरण्या होत्या. त्यांच्या मागे मामांनी आठही बश्या सरकवल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दिवसाआड मामा गुपचूप येत आणि ताई करते तसा गुलाबी द्रव बदलत. एकदा ताई वैतागून म्हणाली, "मामा, ही बाटली गळते का हो? परवा तर भरली होती."

"असेल बुवा. बघतो हं," मामा म्हणाले आणि टाकीत तोंड घालून बसले.

इकडे मी चालायला लागलो होतो. बेचक्यापासून जखमेपर्यंतचं अंतर तुमच्या नखाहूनही कमी, पण मला ते केवढं! माझ्या पुढच्या रांगेत मोठ्या, धिप्पाड पेशी तयार झाल्या. एकेकीत दोन-दोन केंद्रकं. त्या पुढे ओढायच्या आणि लहान पेशी मागून यायच्या. पुढारीच म्हणायचे, पण भाषण न करणारे, म्हणून तर काम झालं! सगळं हृदय झाकलं गेलं तेव्हा त्या धिप्पाड पेशी एकेक करून मिटल्या. कुणाला त्यांचं नावही माहीत नाही. मी जखमेवर पोचलो, पुन्हा निरोप धाडले, आणि जखमेच्या काठावरचे थोडे स्नायू खरोखर एकाचे दोन होऊ लागले.

एकोणिसाव्या दिवशी ताई टेबल रिकामं करत होती. अहवाल गेला होता, काम बंद झालं होतं. बरण्या काढायला तिने तळाच्या कप्प्यात हात घातला आणि तिच्या हाती काट मारलेलं झाकण लागलं.

"मामा! हे काय आहे?"

मामा दारातच थबकले. "टाकवली नाहीत, ताई. हृदयं चालू होती ती."

"अहो, म्हणून इतके दिवस लपवायची?"

"मलाही दवाखान्यात नेलं तेव्हा माझं असंच अर्धंमुर्धं चालू होतं. कुणी काट मारली असती तर?"

ताईने माझी बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "श्शी! पापुद्रा परत आलाय. काही दिसत नाही." आणि तिने सवयीने चिमटा उचलला.

मित्रांनो, चिमट्याचं टोक माझ्या अंगाला लागलं. आता संपलं, असं मी धरून चाललो.

"एक विचारू का, ताई?" मामा म्हणाले. "दर वेळी काढता ते काय असतं?"

"काही नाही हो. वरचं आवरण."

"काहीच नसतं, तर मग परत कशाला आलं?"

ताईचा हात तिथेच थांबला. तिने चिमटा खाली ठेवला. मग ती उठली, एक रंग आणला, द्रवात सोडला आणि तासभर नखं खात बसली. ज्या पेशी एकाच्या दोन होत होत्या, त्या हिरव्या चमकल्या. काही हृदयांवर पापुद्रा अजून अर्ध्या वाटेतच होता, पण आठही बश्यांत जिथवर तो पोचला होता, तिथवरच हिरवे ठिपके होते. त्याच्या पुढे एकही नाही.

"मामा," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सहा महिने मी औषधच पुसून काढत होते."

ती तशीच मोठ्या सरांकडे गेली आणि आपली चूक जशीच्या तशी सांगितली. सरांनी येऊन आठही बश्या एकेक करून भिंगाखाली बघितल्या. मग म्हणाले, "सोलायला तुला मीच शिकवलं. चूक तुझ्या एकटीची नाही. टेबल राहू दे. पण आठ बश्यांनी भागायचं नाही. पुरावा हवा. चार हृदयांचा पापुद्रा पुन्हा काढ, मुळासकट. चार तशीच ठेव."

कोणती चार सोलायची? चिठ्ठ्या टाकल्या. आपला हात आपल्याला हव्या त्या बशीकडे जाईल, म्हणून ताईने मामांना उचलायला सांगितल्या. मामांनी चार चिठ्ठ्या उचलल्या. तिसरी माझी निघाली.

ह्या वेळी ताईने बेचकंही सोडलं नाही. चिमटा हळू चालत होता, तिचं नेहमीचं झटक्यात सोलणं नव्हतं. मी उतरलो आणि ह्या काचपट्टीवर आलो. पुढच्या वीस दिवसांत ज्या चार हृदयांवर पापुद्रा होता त्यांची जखम काठाकाठाने भरत गेली. माझं हृदय बशीत धडधडत राहिलं, पण ते भरलं नाही. ते भरलं नाही म्हणूनच सगळ्यांना पटलं. मला अभिमान आहे, आणि दुःखही आहे. दोन्ही खरं.

काल मामांनी ताईला विचारलं, "असा पापुद्रा माझ्याही हृदयावर असेल का?"

"आहे ना. तुमच्याही आणि माझ्याही. जखम झाली की तो थोडा जागा होतो, वण घालायला मदत करतो आणि बसतो गप्प. माशात बोलतो तसा का बोलत नाही, ते माहीत नाही."

"म्हणजे माझं काही भरायचं नाही."

"आत्ता तरी नाही, मामा. खोटं कशाला सांगू?"

मामांनी मान हलवली. मग त्यांनी माझी काचपट्टी मागून घेतली आणि एक डोळा मिटून मायक्रोस्कोपमधून बघू लागले. तोपर्यंत सगळे माझ्या आरपार बघत आले होते. मलाच बघायला कुणी भिंगाला डोळा लावला, तो काल पहिल्यांदा.

"चालताना कसा दिसत असेल हो हा?" मामांनी विचारलं.

"मी कधी बघितलंच नाही," ताई म्हणाली. "उद्या बघू. तुम्हीही या."

मित्रांनो, आड येतं म्हणून काही काढून टाकायच्या आधी ते तिथे काय करतंय एवढं तरी विचारा. माझ्या बाबतीत विचारलं गेलं, फक्त जरा उशिरा.