मडीच्या तीर्थात चिमूटभर सैंधव

"काळं झालं! यप्पा, काळं झालं की!"

धारवाडातल्या सप्तापूरच्या त्या मंगल कार्यालयात तीनशे माणसं एकदम पुढं झुकली आणि माझ्या मागच्या बाईनं आपला गुडघा माझ्या पाठीत रोवला. मंचावर काचेचे दोन पेले होते. एकात तिथल्याच नळाचं पाणी, दुसऱ्यात जलसिद्ध स्वामींचं तीर्थ. दोन्हींत वीतभर उंचीचे दोन-दोन लोखंडी त्रिशूळ उभे केलेले, आणि त्रिशूळांच्या तारा लाल रेशमाखाली झाकलेल्या एका पेटीत गेलेल्या. तिला 'शक्तिपेटी' म्हणायचं. पाच मिनिटं भजन झालं. तेवढ्यात नळाचं पाणी आधी पिवळं, मग हिरवट, मग गटारासारखं झालं. तीर्थ मात्र जसंच्या तसं, नितळ.

"आई हो, अक्का हो!" स्वामी गरजले. "हे तुम्ही रोज पिता! आणि हे विष जातं कुठं? पोटात? छे! पोटात अग्नी आहे, तिथं ते जळून जातं. ते अडकतं इथं!" त्यांनी स्वतःचा गळा धरला. त्या गळ्यात रुद्राक्षांच्या तीन माळा आणि मांसाच्या दोन वळ्या होत्या, विषाला जागा कुठं मिळाली असेल ते त्यांनाच ठाऊक. "डॉक्टर लोक त्याला थायरॉइड म्हणतात. इंग्रजी नाव दिलं की आजार मोठा वाटतो! गोळी म्हणजे विषावर विष. गोळी सोडा, नळ सोडा, तीर्थ धरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या असत्या, माणूस बोलायला खरंच झक्कास होता. पण पहिल्या रांगेत माझी मेधा बसली होती. एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर घालून.

मेधा म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. चौथा महिना चालू होता. त्याआधी दोनदा गर्भ राहून पडला होता, म्हणून या खेपेला हुबळीच्या डॉक्टर सुकन्यांनी तिला तीनतीनदा बजावलं होतं, "तुझी ग्रंथी कमी काम करते. बाळाला सुरुवातीला तुझ्याच रक्तातून थायरॉइडचं द्रव्य मिळतं. गोळी एक दिवससुद्धा चुकवू नकोस." आणि आमच्या मेधाताईंनी तीन आठवडे गोळीला हात लावला नव्हता. डोळे सुजलेले, आवाज घोगरा, चार पायऱ्या चढल्या की धाप.

"अगं, तुला अक्कल आहे का?" मी तिला खांबामागं ओढून विचारलं.

"मावशी, ओरडू नको ना. सासूबाई माझ्यासाठीच करतात गं सगळं." तिचे डोळे भरून आले. "आणि दुसऱ्या वेळी मी गोळी घेतच होते की. तरी राहिलं का?"

मी हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवते, पण पोळलेल्या पोरीला काय सांगायचं ते कुठल्या धड्यात नाही.

तिच्या सासूबाई, अंबूताई, वाईट बाई नव्हेत. उलट जीव लावणाऱ्या. पण त्यांची मडी म्हणजे सोवळं आमच्या साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. पहाटे परसातल्या विहिरीवर आंघोळ, तिथंच ओलेत्यानं पाणी शेंदायचं, त्याच पाण्यात देवाचा आणि स्वतःचा स्वयंपाक. नळाचं पाणी त्यांच्या मडीला कधीच चाललं नाही. त्यांच्या आजीनं सांगून ठेवलेलं, नळात चामड्याचा वायसर असतो! तो वायसर जाऊन रबराचा आला, पण अंबूताईंपर्यंत ती बातमी काही पोचली नाही. त्यामुळं स्वामींनी नळ बाटवला तेव्हा त्यांना कोण आनंद झाला.

"सुलभाबाई, मी चाळीस वर्षं हेच सांगत्येय," त्या मला म्हणाल्या. "आता मेधालासुद्धा विहिरीचंच पाणी देते. आणि रोज एक भांडं तीर्थ."

"आणि गोळी?"

"विषावर विष कशाला?"

आता स्वामींची हुशारी बघा. तीर्थाच्या हंड्याला मडी नसलेल्या माणसानं हात लावायचा नाही. भक्तांनी तांब्या भरून घरी न्यायचा, आणि उरलेलं तीर्थ पुढच्या रविवारी परत आणायचं. स्वामी त्यात त्रिशूळ बुडवणार. पाणी नितळ राहिलं तर तुमची श्रद्धा शाबूत! सगळ्यांचं नितळच राहायचं. हंडा वाहायचा मान अंबूताईंना मिळाला होता, कारण त्यांच्याइतकी कडक मडी सबंध धारवाडात कुणाची?

घरी येऊन मी नवऱ्याजवळ तणतणले. भीमसेनांचं गोकुळ रोडवर बॅटऱ्यांचं दुकान आहे. माणूस भाविक, शनिवार चुकवत नाहीत.

"स्वामींना नावं ठेवू नकोस बाई," ते म्हणाले. "गिऱ्हाईक आहेत आपले. मठात इन्व्हर्टर फार मोठा असणार. आठवड्याला वीस कॅन बॅटरीचं पाणी नेतात."

माझ्या हातातला पोळीचा तुकडा हातातच राहिला. बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित पाणी. वाफ करून गार केलेलं, त्यात क्षार औषधालाही नाहीत. आणि क्षार नाहीत तर वीज वाहणार कशी?

"अहो," मी म्हटलं, "तुमचे स्वामी तीनशे बायकांच्या पोटात बॅटरीचं पाणी ओततायत!"

पुढच्या रविवारी पर्समध्ये मिठाची पुडी आणि दोन्ही टोकांना तासलेल्या चार पेन्सिली घेऊन मी भीमसेनांबरोबर गेले. पण मंचाजवळ मला फिरकू कोण देणार? "लांब, अक्का, लांब! मडी आहे!" असं करून दोन शिष्यांनी मला चपलांपाशी नेऊन बसवलं.

मग तांबे तपासायला सुरुवात झाली. पहिला नितळ, दुसरा नितळ. तिसरा अंबूताईंचा. पेला भरला, त्रिशूळ बुडाले, भजन सुरू झालं. आणि दुसऱ्या कडव्याला पाणी पिवळं पडलं. तिसऱ्याला हिरवट. भजन म्हणणाऱ्यांचा ताल चुकला. पेल्यात गटार तयार!

स्वामी क्षणभर गडबडले. पण गडी तयारीचा. "अम्मा!" ते ओरडले. "तुमची मडी मोडली! तुमच्या हातानं तीर्थ बाटलं! सुनेच्या पोटातलं लेकरू आता—"

"काय म्हणालास?" अंबूताई उठल्या.

इतके दिवस त्यांना 'अहो स्वामीजी' म्हणण्यापलीकडं कुणी ऐकलं नव्हतं. "माझी मडी मोडली? अरे, नवरा गेला त्या दिवशीसुद्धा माझी मडी मोडली नाही! आणि माझ्या सुनेच्या लेकराचं नाव तुझ्या तोंडात कशाला?"

मी चपला ओलांडून पुढं धावले. "अंबूताई, तीर्थात काही घातलं होतंत?"

"काय घालणार? पोरीला ते सपक पाणी पोटात ठरेना, ओकायची सारखी. परवा एकादशी, म्हणून चिमूटभर सैंधव घातलं. सैंधव उपासाला चालतं की!"

मला हसू आवरेना. देवा रे, सव्वीस वर्षं मी फळ्यावर जे शिकवलं ते या बाईनं एकादशीच्या चिमटीत करून दाखवलं होतं. "मग आता एक करा. मला त्या हंड्याला हात लावायची परवानगी नाही, तुम्हाला आहे. स्वामींच्या स्वतःच्या तीर्थाचा पेला भरा, आणि हे घाला." मी मिठाची पुडी पुढं केली.

"हात लावू नका!" स्वामी किंचाळले.

"मला मडी शिकवतोस?" म्हणून अंबूताईंनी पेला भरला, मीठ टाकलं, त्रिशूळ बुडवले. या खेपेला भजन कुणी म्हटलं नाही. तीनशे माणसं श्वास धरून बघत होती. पाच मिनिटांत स्वामींचं स्वतःचं तीर्थ काळंहिरवं झालं.

मग मी ताज्या नळाच्या पाण्यात त्रिशूळांऐवजी दोन पेन्सिली उभ्या केल्या आणि तारा शिशांना जोडल्या. बुडबुडे आले. पाणी नितळच्या नितळ. भीमसेनांनी तोवर लाल रेशीम उचललं होतं. "अय्यो, ही तर आमच्याच दुकानातली बॅटरी!" त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"हे बघा," मी त्रिशूळ उचलून सगळ्यांना दाखवला. एक टोक कुरतडल्यासारखं झिजलं होतं. "घाण पाण्यातली नाही, या लोखंडातली. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. साध्या पाण्यात क्षार असतातच. बॅटरीच्या पाण्यात नसतात, म्हणून ते नितळ. मंत्राचा यात काडीचा संबंध नाही!"

गोंधळात स्वामी मागच्या दारानं केव्हा पसार झाले, कुणाला कळलंच नाही. एक खडाऊ तेवढी मागं राहिली.

त्याच दुपारी आम्ही मेधाला घेऊन डॉक्टर सुकन्यांकडं गेलो. रक्ताचा अहवाल बघून त्यांचा चेहरा उतरला. गोळी वाढवून पुन्हा चालू केली. "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या.

अंबूताईंनी खाली बघून विचारलं, "डॉक्टरीणबाई, पाण्यानं थायरॉइड बिघडतं हे सगळंच खोटं का हो?"

"सगळं नाही. नायट्रेट जास्त झालं तर ग्रंथीला आयोडीन नीट घेता येत नाही. आणखीही काही द्रव्यांवर संशोधन चालू आहे. पण ते डोळ्यांना दिसत नाही, त्रिशूळाला तर नाहीच नाही. प्रयोगशाळेत तपासावं लागतं. आणि कारण काहीही असो, मेधाला गोळी लागणारच."

अंबूताईंनी दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या पाठवल्या, एक नळाची, एक विहिरीची. विहिरीची बहुधा नळाला लाजवण्यासाठी. आठ दिवसांनी अहवाल आला. नळाचं पाणी ठीक होतं. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दुपटीवर. शेजारच्या शोषखड्ड्याचं पाणी जमिनीतून झिरपत होतं. तेच मडीचं पाणी, चाळीस वर्षं देवाला वाहिलेलं, आणि महिनाभर मेधाला मुद्दाम पाजलेलं.

मी तो कागद वाचून दाखवला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "मीच पाजलं हो." आणि पदरानं डोळे पुसले. मलाही रडू आलं. चिडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दिसतं त्यावर एकदम विश्वास ठेवू नका, एवढंच मला सांगायचंय. नळाच्या पाण्याला विचारा, विहिरीच्या पाण्याला विचारा, स्वामींच्या हंड्याला तर नक्कीच विचारा. ज्या वस्तूला हात लावायची बंदी असेल, तिथं आधी विचारा. आणि चालू असलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका.

ऑक्टोबरात मेधाला मुलगी झाली. टाचेतलं रक्त तपासलं, ग्रंथी ठणठणीत. मी बाळाला बघायला भल्या पहाटे सप्तापूरला अंबूताईंच्या घरी पोचले. पाच दिवसांच्या खंडानंतर त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. अंबूताई ओलेत्यानं उभ्या होत्या, पण विहिरीवर नाही. नळाखाली पितळी घागर लावून.

"मडीला चालतं का हो हे?" मी मुद्दामच विचारलं.

"तपासलंय ना? मग चालतं," त्या म्हणाल्या. घागरीतून त्यांनी पेला भरला, देवघराच्या फडताळातून गोळ्यांची बाटली काढली आणि आत हाक मारली, "मेधा, ऊठ गं. चहाच्या आधी गोळी घ्यायची आहे."