माझ्या कोपऱ्यातला शब्द

मी एक जुना फळा आहे. आता राखाडी पडलो आहे. पण सुताराने सागाच्या चौकटीत बसवलं तेव्हा कोळशाने लाजावं इतका काळा होतो. फुशारकी नाही, खरंच.

मित्रांनो, माझी शाळा चेन्नईत तिरुवल्लिकेणीला, एका खानावळीच्या वरच्या मजल्यावर होती. आठवी ते दहावी मिळून मुलं अवघी त्रेचाळीस. सांबाराचा वास आला की अकरालाच सगळ्यांचं लक्ष उडायचं. मोठ्या शाळांत गप्प होऊन मागच्या बाकावर गेलेली मुलं त्रिपुरसुंदरी टीचर हाताला धरून इथे आणत.

लावण्या त्यांतलीच, तंजावूरकडच्या मराठी घरातली. पहिल्या दिवशी टीचरनी मराठीत विचारलं, सगळे आले का? ती म्हणाली, "अस्के आले." रेल्वेतल्या वडिलांच्या बदलीमुळे नागपूरहून आलेली ऊर्मी फिदीफिदी हसली. लावण्याने ओठ मिटले.

टीचर रागावल्या नाहीत. त्याही तंजावूरकडच्या मराठीच. त्यांनी माझ्या उजव्या कोपऱ्यात पिवळ्या रंगाने चौकोन आखला आणि त्यात खडूने लिहिलं, 'अस्के'. म्हणाल्या, "चुकलं नाहीं तिचं. आमच्या घरांत 'सगळे'ला असंच म्हणतात. उद्या ऊर्मी तिच्या घरचा शब्द आणील."

ऊर्मीने 'भैताड' आणला, म्हणजे वेडपट. अर्थ कळल्यावर वर्ग पोट धरून हसला, लावण्यासुद्धा. मग रोज एक घरचा शब्द. महिन्याभरात लावण्या इतकी बोलू लागली की टीचरना तिला गप्प बसवावं लागे. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

पुढे मालकाला मजला हवा झाला. मुलं कमी म्हणून शाळाच बंद झाली आणि मुलांना आणि मला शहराबाहेर, ओरगडमच्या वाटेवरच्या एका मोठ्या शाळेत धाडलं. शेवटच्या दिवशी लावण्याने खडू पाण्यात बुडवून चौकोनात पुन्हा 'अस्के' लिहिलं, लवकर पुसलं जाऊ नये म्हणून. नव्या शाळेत मला भिंतीकडे तोंड करून अडगळीत ठेवलं.

सात महिन्यांनी दार उघडलं. लावण्याच होती! मी हरखलो. तिथल्या सरांना व्हरांड्यात सूचना लावायची होती आणि हिचं अक्षर सुंदर. तिने ओल्या फडक्याने कोपरा घासला. शब्द गेला, पिवळा चौकोन मात्र जाईना.

सरांनी विचारलं, हा चौकोन कसला?

"आय डोन्ट नो, सर," ती म्हणाली.

मग तिने इंग्रजीत सुबक अक्षरांत लिहिलं, की इथे इंग्रजीखेरीज काहीही बोलू नये.

ती रोज माझ्यासमोरून जाते. ओठ मिटलेले असतात. ऊर्मी बरोबर असली तरी दोघी बोलत नाहीत.

मित्रांनो, फळा पुसण्यासाठीच असतो, त्याचं मला दुःख नाही. पण तुमच्या वर्गात कुणी वेगळा शब्द बोललं, तर हसण्याआधी तो लिहून घ्या. मला आता ते जमणार नाही. हे मराठीत सांगायलासुद्धा माझ्याच अंगावर मनाई लिहिली आहे, तीही तिच्या अक्षरात.