दमलेले सेल

पूर्वी त्या शेडमध्ये तीनच टेबलं होती आणि तीनच शब्द: ताजे, दमलेले, गेलेले. जुन्या गाड्यांतून काढलेल्या बॅटऱ्या उघडायच्या, एकेक सेल चार्ज करून दिवसभर तसाच ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मीटर लावून बघायचा. आत्याबाईंनी अकरा वर्षं तेच केलं, शब्दही त्यांचेच. दमलेला सेल गाडी ओढत नाही, पण घरातला पंखा-दिवा खुशाल चालवतो. त्यांच्या थोरल्या बहिणीचं श्वासाचं यंत्रसुद्धा चालवलं असतं.

त्या यंत्रासाठीच त्यांनी साहेबांना विचारून सोळा सेल बाजूला काढले होते. सारख्या दमाचे सोळा मिळायला चार महिने गेले. "सोयरीक जुळवतेस जशी काही," ताई नाकातली नळी सावरत हसायच्या. दुपारी वीज गेली की हसणं थांबायचं.

मग शेडशेजारी लांबलचक कारखाना उभा राहिला. आत्याबाई दिवसाला चाळीस सेल तपासायच्या, नवं यंत्र तासाला चार हजार. त्याला शिकवायला भाचाच आला, नवा इंजिनिअर. वही घेऊन तीन दिवस आत्याच्या मागे मागे फिरला.

"आत्या, दमलेला म्हणजे पास की बाद? यंत्राला दोनच कप्पे आहेत."

आत्याबाईंची नजर मीटरवर होती. "अरे, दमलेला तो दमलेला. नव्याची सर येणार आहे का त्याला?"

त्याने लिहून घेतलं.

सोमवारी त्या आल्या तर सोळा सेल ठेवलेली शेडमधली फळी रिकामी. काचेपलीकडे सरकत्या पट्ट्यावर त्यांचा खोका चालला होता, खडूने 'ताई' लिहिलेला. पुढे चुरा करणारं यंत्र. काचेशी भाचा उभा होता.

"थांबव ते."

"मधेच थांबत नाही ते. आत हवा काढून आग रोखणारा वायू भरलाय. आता दार उघडलं तर आग लागेल, आत्या."

"अरे, नाव लिहिलंय त्यावर."

"यंत्र खडू वाचत नाही गं."

"पण ते बाद कुठे आहेत?"

भाचा खाली बघत म्हणाला, "नव्याची सर नाही, तूच म्हणालीस."

खोका आत गेला. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

"वाया नाही जात काही," तो घाईघाईने म्हणाला. "पूड होते, पुडीतून नवी बॅटरी. आपण मोठ्या आत्यासाठी दुसरे निवडू."

"कशातून? दमलेले सगळे आता चुऱ्यातच जाणार ना?"

"नियम बदलायला वरून मंजुरी लागते. सहा महिने तरी..."

आत्याबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेल्या. वीज गेलेली होती. ताई खिडकीशी ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. यंत्र गप्प.

"आणलेस?"

"उद्या," आत्याबाई म्हणाल्या आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घालू लागल्या.

ताईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. बोलायला लागणारा श्वास त्यांनी राखून ठेवला. वीज यायला अजून पाऊण तास होता.